चुन्याखालची रेघ

भट्टीवाल्यांना एखादी वस्तू गरम आहे की गार हे बघायचं असलं, की ते हात उलटा करायचे. चहाचा कप असो, तापानं कण्हणाऱ्या लेकराचं कपाळ असो, की आंघोळीचं पाणी. बोटांची मागची बाजू टेकवायची, मनात तीन मोजायचे आणि निकाल द्यायचा. "तळहात खोटं बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "काम करून करून त्याचं कातडं मेलेलं असतं. खरं काय ते मागची बाजू सांगते." यावर त्यांच्या बायकोचं उत्तर ठरलेलं असे. "मग देवानं तुमचं तोंडही मागच्याच बाजूला बसवायला हवं होतं."

भट्टी विझून एक्केचाळीस वर्षं झाली होती, नोकरी संपून सोळा. तरी गल्लीत सगळे त्यांना भट्टीवालेच म्हणत. नव्या भाडेकरूंना वाटे, यांची बेकरी वगैरे असावी. कुणी तसं विचारलं तर ते हसून मान हलवत. बागेतल्या काचघराची भट्टी, असं सांगायला गेलं की पुढचा प्रश्न येणारच, आणि पुढचा प्रश्न त्यांना नको असे.

एके सकाळी बायको खिडकीशी बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होती. त्यांना मोतीबिंदू झाल्यापासून तिची ही सवय. मध्येच ती थांबली. मग आवाज उतरवून वाचू लागली. वनस्पती उद्यानात गाड्या लावायला जागा करत होते. खणताना हातभर खाली नक्षीदार फरशी लागली, लोखंडी कमानींचे बुंधे लागले, काचांचा खच लागला. दीडशे वर्षांपूर्वीचं काचघर तिथं गाडलेलं आहे, असं पुरातत्त्व खात्याचं म्हणणं. काम थांबवलंय. आता ते रीतसर उकरून बघणार.

"त्यांना आत्ता कळलं होय?" बायको म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी जागा दाखवली असती. माझं माहेर तिथंच गाडलंय."

भट्टीवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहा गरम आहे की गार, हे त्या दिवशी त्यांनी पाहिलंच नाही.

माहेर गाडलंय म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

काचघर दोन भागांचं होतं. एक मोठं दालन. त्यात छताच्या काचेला शेंडा टेकलेला ताड, माणसाच्या उंचीचे नेचे, नाव वाचताना जीभ वळणार नाही अशा दूरदेशीच्या वेली. शेजारी रोपांची लहान खोली. मागच्या बाजूला सात पायऱ्या उतरून एक खड्डा, त्यात भट्टी. भट्टीवर पाणी तापायचं आणि फरशीलगतच्या जाड लोखंडी पाइपांतून दोन्हीकडे खेळायचं. कोणत्या भागाला किती पाणी सोडायचं, ते दोन चाकांवर. डावं चाक मोठ्या दालनाचं, उजवं लहान खोलीचं. हिवाळ्यात बाहेर दव गोठून गवत पांढरं होई, पण आत माणूस सदरा काढी.

भट्टीवर दोघं आळीपाळीनं असत. एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. कोणतं चाक चालू नि कोणतं बंद, हे सांगायची त्यांची स्वतःची रीत होती. दोघांचंही शिक्षण बेताचं, आणि त्या खड्ड्यात कागद ठेवला तर तासाभरात ओला. म्हणून चाकाच्या वर, भिंतीवर, जळक्या ग्रीसमध्ये बोट बुडवून रेघ ओढायची. उभी रेघ म्हणजे चाक चालू. आडवी रेघ म्हणजे बंद. "उभा माणूस काम करतो, आडवा झोपतो," एवढं साधं गणित. जाणाऱ्यानं जुनी पुसून नवी रेघ ओढायची, येणाऱ्यानं आधी भिंत बघायची आणि मगच अंगातला कोट काढायचा. भेट झाली तर बोलणं, नाही झाली तर भिंत. तेरा वर्षांत भिंत कधी चुकली नव्हती.

दिवसपाळीचा जो होता, तो वयानं आठ वर्षांनी मोठा. डावखुरा, उंच, बोलायला गोड. त्यानंच या पोराला हाताला धरून भट्टी शिकवली, उलटा हात टेकवायला शिकवलं, आणि पुढं आपली धाकटी बहीणही दिली. बहीण रोज दुपारी दादाचा डबा घेऊन सात पायऱ्या उतरायची. दादा म्हणायचा, "माझ्या डब्यात आजकाल दोघांचं जेवण येतं. मला कळत नाही असं नाही." लग्नानंतर तो यांना मोठ्या थाटात "मेहुणे" म्हणू लागला. कोळशानं काळ्या झालेल्या खड्ड्यात, घामानं थबथबलेल्या बनियनवर, "या मेहुणे, बसा मेहुणे, फावडं घ्या मेहुणे!"

त्या वर्षी हिवाळा कडक होता. बागेचे मोठे साहेब बदलून नवे आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळी बाग बघणार होते. मुकादमाचा हुकूम सुटला, भट्टीच्या खड्ड्यालाही सकाळच्या आत चुना लागला पाहिजे. त्याच दुपारी मोठ्या दालनातला एक सांधा गळू लागला, म्हणून फिटर आला. दादानं डावं चाक बंद केलं, म्हणजे फिटरला काम करता येईल; काम झालं की ते उघडायचं रात्रपाळीनं. दादाची आठ वर्षांची मुलगी तापानं फणफणली होती, तिला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मुकादमाला सांगून तो पाळी संपायच्या पाव तास आधी निघाला.

भट्टीवाले आले तेव्हा चुन्याची बादली पायरीवर तयार होती. मुकादम वरून ओरडत होता, "दोन हात झाले पाहिजेत, वाळायला वेळ लागतो!" त्यांनी कोटही न काढता कुंचला उचलला आणि वरून खाली ओढायला सुरुवात केली. भट्टी धडधडत होती, काटा बरोबर होता. चुन्यानं हात भाजले, बोटं चिरली, म्हणून त्यांनी हातांना चिंध्या गुंडाळल्या. दर दोन तासांनी दोन्हीकडे जाऊन पाइपाला उलटा हात लावून यायचं असे. त्या रात्री ते लहान खोलीच्या दारापर्यंत गेले, तोंडावर ऊब लागली, परत फिरले. मोठ्या दालनात गेलेच नाहीत.

पहाटे माळी धावत आला. ताडाची पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबत होती. नेचे हात लावला की गळत होते. शंभर वर्षांची झाडं एका थंडीत गेली. साहेब आले ते पाहणीला, उभे राहिले चौकशीला.

दादा म्हणाला, "मी आडवी रेघ ओढून गेलो होतो. चुन्याखाली असेल. खरवडून बघा, साहेब."

साहेबांनी भट्टीवाल्यांकडे बघितलं. "चुना लावण्याआधी भिंतीवर काही होतं?"

आता इथं खरं उत्तर एकच होतं. मी बघितलं नाही. एवढे तीन शब्द. पण घरी पोटुशी बायको होती, आणि साहेबांचा चेहरा दगडासारखा होता. तीन शब्द घशापर्यंत आले आणि तिथंच राहिले. बाहेर पडले ते दुसरेच.

"नाही साहेब. भिंत कोरी होती."

भिंत कोरीच होती म्हटल्यावर खरवडायचं कशाला? पाव तास आधी गेला, रेघ ओढली नाही, वर खोटं बोलतो. दादाला त्याच दिवशी काढलं. महिन्याभरात काचा उतरवल्या, कमानी कापल्या, सगळा राडारोडा खड्ड्यात लोटून वर माती ओढली. भट्टीवाल्यांना बागेच्या पाणीपंपावर बदलून टाकलं. तिथं ते निवृत्त होईपर्यंत होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असा.

बायकोनं नवऱ्याचा शब्द धरला. धरणारच. दादा दारात आला, म्हणाला, "तू तरी सांग त्यांना, मी असा नाही." ती म्हणाली, "चूक झाली तर झाली म्हणावं, दादा. माझ्या नवऱ्यावर ढकलू नये." दार लावलं. पुन्हा उघडलं नाही. दादा पुढं सिमेंटच्या गोदामात राखणदारीला लागला, छाती भरत गेली, आणि नऊ वर्षांनी गेला. निरोप आला तेव्हा ती कणीक मळत होती. हात धुवून थोडा वेळ उभी राहिली, मग पुन्हा मळायला बसली. गेली नाही.

रोज पहाटे उठून देवापुढं बसायचं आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याचं भलं मागायचं, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. आईवडिलांची नावं, मग दादाचं, मग बाकीच्यांची. त्या हिवाळ्यानंतर दादाचं नाव गळलं. भट्टीवाले अंथरुणात डोळे मिटून रोज ती नावं ऐकत. वडिलांच्या नावानंतर तिचा आवाज जरासा अडखळे, जिन्याची एक पायरी तुटलेली असावी तसा. एक्केचाळीस वर्षं ते रोज त्या पायरीवरून पडत होते.

बातमी आली त्याच्या आठव्या दिवशी पुरातत्त्वाच्या बाई घरी आल्या. तिशीच्या, उन्हानं रापलेल्या, नखांत माती. जुन्या हजेरीपटावरून नाव शोधत आल्या होत्या.

"आजोबा, काचघरात काम केलेलं आता कोण कोण आहे?"

"मीच."

"बाकीचे?"

"गेले."

"मग तुम्हाला यावंच लागेल. आम्हाला नळ्या दिसतात, भिंती दिसतात, पण कशाचं काय ते कळत नाही."

"नका जाऊ," बायको आतून म्हणाली. मग बाहेर येऊन बाईंच्या हातात पाणी देत म्हणाली, "जायचं तर जा. पण आल्यावर मला काही सांगू नका."

ते गेले. न जाण्याला कारण काय सांगणार?

मोजून चौकटी आखल्या होत्या, खुंट्यांना दोऱ्या बांधल्या होत्या. पोरंपोरी गुडघ्यांवर बसून ब्रशनं माती झाडत होती. नक्षीची फरशी बघून भट्टीवाल्यांचे डोळे भरून आले. ते खाली वाकले आणि उघड्या पडलेल्या पाइपाला उलटा हात लावला. थंडगार. बाई लगेच म्हणाल्या, "असं का केलंत?" त्यांनी सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. ताड कुठं होता, सांधा कुठं, माळ्याची बादली कुठं, सगळं लिहून घेतलं. खोटं कशाला बोला, पहिले तीन दिवस त्यांना बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा शब्दन् शब्द कागदावर उतरवत होतं. पोरं "आजोबा, हे काय, आजोबा, ते काय" करत मागं लागायची. घरी येऊन ते दोन घास जास्त जेवले. बायकोनं बघितलं.

चौथ्या दिवशी खड्ड्यातला राडारोडा निघाला. सातही पायऱ्या शाबूत होत्या. भट्टी गंजून बसली होती, पण दोन्ही चाकं जागच्या जागी. आणि भिंतीवर चुना. चाळीस वर्षांची ओल खाऊनही चुना बऱ्यापैकी टिकला होता. उजव्या चाकावरचा गिलावाच ढासळला होता, आणि डाव्या चाकाच्या वर, वीतभर जागेत, चुन्याचा पोपडा सुटून पडला होता. तेलकट जागेवर चुना बसत नाही, हे रंगाऱ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. पोपडा पडला होता तिथं एक काळी रेघ होती. आडवी. उजव्या टोकाला जाड, डावीकडं निमुळती होत गेलेली. डावखुऱ्या माणसानं ओढलेली.

म्हणजे रेघ होती. इतकी वर्षं भट्टीवाले मनाला सांगत आले होते, नसेलच कदाचित. कोण जाणे, नसेलच. तेवढ्याशा "कदाचित"वर त्यांनी अख्खा संसार उभा केला होता.

"आजोबा, ही रेघ कसली?" बाईंनी विचारलं. वही उघडलेली, पेन्सिल तयार. "बोटानं ओढलेली दिसतेय. बघा, ठशाच्या रेषा उमटल्यात. कशासाठी असेल?"

सबंध जगात ती रेघ वाचता येणारी दोनच माणसं उरली होती. एक तिच्यासमोर उभं होतं.

"ते... असंच. मोजायला."

"काय मोजायला? कोळसा?" बाईंचे डोळे चमकले. "टोपल्या मोजत असाल! चार उभ्या आणि पाचवी आडवी?"

माणसाला बुडायचं असलं की पाणीच हात पुढं करतं. "हो," ते म्हणाले. "तसंच."

बाईंनी लिहून घेतलं.

रविवारी लोकांना बघायला जागा खुली करणार होते. त्यानंतरच्या शुक्रवारी सगळं पुन्हा बुजवायचं. बाईंनीच सांगितलं, उघडं राहिलं की नासतं, म्हणून टिपून, फोटो काढून, वर कापड अंथरून वाळू भरायची. अशी रीतच असते. भट्टीवाल्यांनी मनात दिवस मोजले. रविवारनंतर पाच दिवस निघाले की सुटलो.

शनिवारी बायको म्हणाली, "मी येते उद्या."

"तुला कशाला? तुझे गुडघे..."

"सातच पायऱ्या आहेत. मला माहीत आहेत."

"गर्दी असेल."

"मला काय धक्काबुक्की करायचीय? एकदा डोळ्यांनी बघते. चाळीस वर्षं मनात घेऊन बसलेय ती जागा. बघितली की उतरेल तरी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही आजकाल झोपेत काय बोलता ते तुम्हाला माहीत आहे का?"

"काय बोलतो?"

"कोरी, कोरी म्हणता."

रविवारी माणसंच माणसं. आईबाप मुलांना कडेवर घेऊन काचांचे तुकडे दाखवत होते. बायको त्यांच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी उतरली. खाली उतरल्यावर तिनं खांदा सोडला. भट्टीसमोर ती क्षणभर उभी राहिली. एक दगडी कट्टा होता, त्याकडं बघून म्हणाली, "डबा इथं ठेवायची मी." मग चाकांकडं वळली.

भिंतीवर छापील पाटी लावली होती. तिनं पाटी बघितली, वरची रेघ बघितली, पुन्हा पाटी बघितली. चष्मा नाकावरच होता.

"अहो," ती म्हणाली, "मला दिसत नाही नीट. वाचा बरं काय लिहिलंय."

पाटीची अक्षरं मोठी होती. त्यांना वाचता आली. "कोळशाच्या टोपल्या मोजण्यासाठी कामगारांनी केलेली खूण." पुढं एक ओळ होती. "माहिती, भट्टीवरचे शेवटचे हयात कामगार."

"वाचलंत?"

"हो."

"आता भिंत वाचा."

मागून लोक येत होते, कुणी "सरका, आजी" म्हणत होतं. ती हलली नाही. आवाजही चढवला नाही. भट्टीवाल्यांच्या कपाळावर घाम आला, भट्टी पेटलेली असावी तसा.

"वाचा ना. मला वाचता येतं, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. दादा म्हणायचा, उभा माणूस काम करतो. आडवा?"

"झोपतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बंद. चाक बंद."

"कुणी ओढली?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. रेघेचं जाड टोक उजवीकडं होतं. तिच्या भावाच्या हाताखाली वाढलेली ती, तिला सांगायला नको होतं. ती भिंतीजवळ गेली. हात लावायला मनाई होती, म्हणून लावला नाही. नुसतं बोट पुढं करून हवेतच त्या रेघेवरून ओढलं, उजवीकडून डावीकडं.

"टोपल्यांचं कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "गप्प बसला असतात तर मी समजले असते, बाबा, तेव्हा दिसली नसेल. माणूस आहे, नजर चुकते. पण ज्याला माहीत नसतं त्याला खोटं सांगायची गरज पडत नाही."

वर जाऊन तिनं बाईंना गाठलं आणि म्हणाली, "तुमची पाटी चुकलीय. आडवी रेघ म्हणजे मोठ्या दालनाचं चाक बंद. ही माझ्या दादानं ओढलीय, एक्केचाळीस वर्षांपूर्वी, पाळीवरून निघताना." बाईंनी गोंधळून भट्टीवाल्यांकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. बाई बिचाऱ्या स्वतःच खजील झाल्या. "टोपल्यांचं मीच सुचवलं, आजोबा," असं काहीतरी पुटपुटत त्यांनी पाटी काढली.

घरी आल्यावर कुलूप उघडताना बायको म्हणाली, "शुक्रवारी वाळू टाकणार ना? त्याआधी दादाच्या मुलीला तिथं न्यायचं. मी नाही. तुम्ही."

दादाची मुलगी आता एकोणपन्नास वर्षांची. शाळेचे गणवेश शिवायचं दुकान होतं तिचं. भट्टीवाले सोमवारी गेले, समोरच्या फुटपाथवर उभे राहून परत आले. मंगळवारी तेच. बुधवारी आत शिरले. मशीन चालूच राहिलं.

"काय शिवायचंय?"

"मी... तुझा आतोबा."

मशीन थांबलं. तिनं वर बघितलं, ओळखलं, पुन्हा कापड सरकवलं. "ज्याला आत्या असते त्याला आतोबा असतो. मला आत्या नाही."

"बागेत काचघर सापडलंय. तिथं भिंतीवर... तू एकदा येऊन बघ. शुक्रवारी बुजवणार आहेत."

"शाळा सुरू व्हायला आठ दिवस राहिलेत. मला मान वर करायला वेळ नाही."

"पाच मिनिटं."

"बघते," ती म्हणाली, आणि मशीन सुरू केलं.

शुक्रवारी सकाळपासून नवराबायको खड्ड्याच्या काठावर जाऊन बसले. बायकोला बाईंनी खुर्ची दिली होती. गाडे भरभरून वाळू येत होती. बाईंनी मजुरांना त्या भिंतीचं शेवटी घ्यायला सांगितलं, पण दुपारपर्यंत बाकीचं सगळं भरलं आणि थांबण्याला काही निमित्त उरलं नाही. भिंतीवर पांढरं कापड लावलं. पायऱ्या गेल्या, कट्टा गेला. वाळू चाकाच्या वर चढली, कापड झाकलं गेलं. चार वाजता दादाची मुलगी आली. खांद्याला शिवणाची फीत तशीच लटकत होती.

"कुठं आहे काय ते?"

भट्टीवाल्यांनी वाळूकडं बोट केलं. "आत्ताच... मी उकरतो." ते खरोखरच गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाळू ओढू लागले. ओढावी तेवढी वरून घसरत होती.

"राहू द्या, आतोबा," ती म्हणाली. आतोबा हा शब्द तिच्या तोंडून लहानपणच्या सवयीनं निसटला असावा. "तोंडानं सांगा."

बायको खुर्चीवर ताठ बसली होती. तिनं मदत केली नाही.

ते वाळूतच बसून राहिले. "तुझ्या वडलांनी रेघ ओढली होती," ते म्हणाले. "मी बघितली नाही. बघायचंच राहिलं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, कोरी होती. बघितलीच नव्हती तर कोरी कशी म्हणालो? पण म्हणालो."

दादाच्या मुलीनं खांद्यावरची फीत काढली आणि बोटाला गुंडाळू लागली.

"बाबा पहिली दोन-तीन वर्षं भांडायचे," ती म्हणाली. "मी ओढली होती म्हणायचे. मग हळूहळू गप्प झाले. मग घरात रेघा ओढायला लागले. नळाशेजारी, दिव्याच्या बटणाशेजारी, दाराच्या कडीवर. नळ बंद केला की आडवी रेघ, कडी लावली की आडवी रेघ. आणि तरी चारचारदा उठून बघायचे. आईनं पुसून पुसून भिंतीचा रंग गेला. मी चिडायची त्यांच्यावर. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मला लाज वाटायची."

"का पण?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"स्वतःचा भरवसा उरला नव्हता ना. शेवटी दवाखान्यात मला म्हणाले, बहुतेक मी ओढलीच नसेल. तुला ताप होता, मी घाईत होतो, राहिलं असेल." तिनं फीत पुन्हा सोडली. "मी म्हटलं, तुम्हीच तर म्हणायचात ओढली होती. तर म्हणाले, अगं, मेहुणे कशाला खोटं बोलतील?"

गाडा घेऊन आलेला मजूर वाट बघत थांबला होता. "टाकू का?" त्यानं विचारलं. बाईंनी या तिघांकडं बघितलं.

"टाका," दादाची मुलगी म्हणाली. "माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत." आत्याच्या खुर्चीपाशी ती क्षणभर थांबली. आत्यानं हात पुढं केला. तिनं तो घेतला नाही, पण झिडकारलाही नाही. "दुकान आठला बंद होतं," एवढं म्हणून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको नेहमीसारखी उठली, देवापुढं बसली. भट्टीवाले अंथरुणात जागेच होते. आईचं नाव झालं, वडिलांचं झालं. पायरी आली. त्यांनी श्वास रोखला.

तिनं दादाचं नाव घेतलं. आवाज अडखळला नाही. पण बाकीच्यांसाठी मागायची तसं आरोग्य, सुख, आयुष्य तिनं मागितलं नाही. मागण्यासारखं त्यातलं काही उरलंच नव्हतं.

"देवा, माझ्या दादाला एवढंच कळव," ती म्हणाली. "रेघ होती म्हणावं. तू ओढली होतीस."